मुवक्किताची रिकामी जागा : नमाजविषयक मोबाइल ॲपांची एक चिकित्सा

१

धर्माचाराच्या क्षेत्रात एखादे नवे साधन आले म्हणजे त्याविषयी दोन टोकांची मते प्रथम ऐकू येतात. एका मताप्रमाणे साधन हे केवळ साधन असते. त्याने आचाराच्या स्वरूपात काही फरक पडत नाही. दुसऱ्या मताप्रमाणे साधनाचा स्पर्श झाला की आचार भ्रष्ट झालाच. ही दोन्ही मते सोयीची आहेत, कारण साधनाची प्रत्यक्ष रचना कशी आहे हे पाहण्याच्या श्रमातून ती माणसाला मुक्त करतात. मुसलमान समाजात आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नमाजविषयक मोबाइल ॲपांचा विचार करावयाचा, तर प्रथम ही सोय सोडून दिली पाहिजे.

ही ॲपे सामान्यतः पाच कामे करतात : पाच नमाजांच्या वेळा सांगणे, किब्ल्याची दिशा दाखविणे, हिजरी तिथी देणे, कुराणाचा पाठ उपलब्ध करणे आणि वेळ झाली की अजान ऐकविणे. या कामांपैकी एकही नवे नाही. इजिप्त व सीरिया या प्रदेशांत तेराव्या शतकापासून मोठ्या मशिदींतून 'मुवक्कित' नावाचा अधिकारी नेमला जात असे. खगोलगणित जाणणारा आणि नमाजाच्या वेळा निश्चित करणारा असा हा मनुष्य होय. चौदाव्या शतकातील विख्यात ज्योतिर्विद इब्न अल्-शातिर हा दमास्कसच्या उमय्यद मशिदीचा मुवक्कित होता. १३७१-७२ साली त्याने तेथील मिनारावर मोठे छायायंत्र बसविले. 'मुवक्कित' हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याच धातूपासून 'वक्त' हा शब्द आला आणि त्याचेच 'वखत' हे रूप मराठीच्या बोलींत रुळले आहे.

मुवक्किताचे काम आज ॲपने घेतले आहे. मात्र मुवक्कित हा एका विशिष्ट मशिदीचा, एका विशिष्ट जमातीला उत्तरदायी असलेला मनुष्य होता. त्याने दिलेली वेळ कोणत्या गणिताने दिली, हे त्याला विचारता येत असे. ॲपने त्याचे काम घेतले, पण त्याचे उत्तरदायित्व घेतले काय? प्रस्तुत चिकित्सेचा विषय हाच आहे.

२

प्रथम वेळेचा प्रश्न घेऊ. मगरिबची वेळ सूर्यास्ताने ठरते, तेव्हा तेथे मतभेदाला फारसा वाव नाही. परंतु फजरचा आरंभ व इशाचा आरंभ हे संधिप्रकाशावर अवलंबून असतात. आणि संधिप्रकाशाचे गणितात रूपांतर करावयाचे म्हणजे सूर्य क्षितिजाखाली किती अंश असता पहाट झाली असे मानावयाचे, हे ठरवावे लागते. मुस्लिम वर्ल्ड लीगच्या पद्धतीत फजरसाठी १८ व इशासाठी १७ अंश धरतात. उत्तर अमेरिकेतील इस्लामिक सोसायटीच्या पद्धतीत दोहोंसाठी १५. इजिप्तच्या पद्धतीत १९.५ व १७.५, कराचीच्या पद्धतीत दोहोंसाठी १८. सौदी अरबस्तानातील उम्म अल्-कुरा पद्धतीत फजरसाठी १८.५ अंश धरतात, पण इशा मगरिबनंतर ९० मिनिटांनी व रमजानमध्ये १२० मिनिटांनी येते.

१५ अंश व १८ अंश यांतील अंतर मुंबईच्या अक्षांशावर ऋतूप्रमाणे सुमारे बारा ते पंधरा मिनिटांचे भरते. रमजानमध्ये सहरीचा शेवटचा घास याच मिनिटांत पडतो. ज्या अंतराला यंत्रज्ञ 'किरकोळ' म्हणेल, त्यावर उपवास करणाऱ्याच्या दृष्टीने रोजा झाला की नाही हेच अवलंबून आहे.

असरच्या बाबतीत भेद याहूनही ठळक आहे. शाफई, मालिकी व हंबली मतांप्रमाणे मध्यान्हीची छाया वगळून वस्तूची छाया तिच्या उंचीइतकी झाली की असर सुरू होते. हनफी मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. मुंबईत या दोन वेळांतील अंतर डिसेंबरात पाऊण तासाचे, तर जूनमध्ये सव्वा तासाचे असते. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत. घाटावरील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. रत्नागिरीचा विद्यार्थी औरंगाबादेस (आताच्या छत्रपती संभाजीनगरास) शिकावयास गेला तर दोन मशिदींची दोन वेळापत्रके त्याच्या परिचयाची असतात आणि त्यांत विसंगती आहे असे त्याला वाटत नाही. दाऊदी बोहरा जुहर व असर, तसेच मगरिब व इशा जोडून अदा करतात. त्यांचे कालगणनेचे कोष्टकही पूर्वनिश्चित असते. ॲप मात्र फोनचे स्थान पाहून 'भारत' एवढेच ओळखते आणि सर्वांना एकच पद्धत लावते. पंथभेद नकाशावर दिसत नाही.

याला ॲपकर्त्यांचे ठरलेले उत्तर असे की, पद्धत बदलण्याची सोय 'सेटिंग'मध्ये दिलेली आहे. हे उत्तर दोन कारणांनी अपुरे आहे. पहिले असे की, आधीच निवडून ठेवलेली पद्धत हीही निवडच असते. फरक इतकाच की ती वापरणाऱ्याने केलेली नसते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अंशांची यादी सामान्य माणसापुढे ठेवून 'यांतून निवडा' असे सांगणे म्हणजे जो निर्णय परंपरेने जाणकारांचा होता तो अजाणत्यावर टाकणे होय. त्याला पर्याय मिळाले असे दिसते. वस्तुतः त्याच्या गळ्यात जबाबदारी पडते.

उच्च अक्षांशांवर हा प्रश्न आणखी बिकट होतो. साधारण ४८.५ अंशांच्या उत्तरेस उन्हाळ्यातील काही रात्री सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जातच नाही. लंडन येथे जूनच्या उत्तरार्धात तो जेमतेम १५ अंश खाली जातो. अशा ठिकाणी रात्रीचा मध्य, रात्रीचा सातवा भाग इत्यादी नियम योजून वेळ ठरवावी लागते. हे नियम म्हणजे निरीक्षण नव्हे, तर धर्मशास्त्रीय तोडगे होत. तरीही ॲपच्या पडद्यावर निरीक्षणाने सिद्ध झालेली वेळ व तोडग्याने काढलेली वेळ या दोन्ही सारख्याच ठसठशीत आकड्यांत दिसतात. आकड्याच्या या समान रूपामुळे ज्ञानाचे दोन भिन्न दर्जे एक होऊन जातात, हा येथील खरा दोष आहे.

किब्ल्याच्या बाबतीतही असेच घडते. मुंबईहून मक्केची दिशा पश्चिमेच्या सुमारे १० अंश उत्तरेस आहे. होकायंत्राचे ॲप ती अंशाच्या अपूर्णांकापर्यंत दाखविते. परंतु फोनमधील चुंबकमापक जवळच्या लोखंडी कपाटानेदेखील विचलित होतो. धर्मशास्त्राने दूरस्थ माणसाकडून प्रामाणिक प्रयत्नाची अपेक्षा केली आहे, अपूर्णांकाची नव्हे. जेथे शास्त्र उदार आहे तेथे यंत्राने खोटी काटेकोरता आणून श्रद्धावंताला अकारण अस्वस्थ करावे, हे विपरीत होय.

३

आता भाषेकडे वळू. ॲपची रचना ही मुख्यतः शब्दांची रचना असते. पडद्यावरील प्रत्येक बटण हे एक नाम किंवा एक आज्ञार्थी क्रियापद असते. भाषांतर करणाऱ्याची येथे मोठी कसोटी लागते, आणि मराठीत तर विशेषच.

मराठीत अरबी-फारसी शब्दांचा भरणा मोठा असल्यामुळे असे वाटते की, इस्लामी परिभाषा मराठीत आणणे सोपे असावे. वास्तविक ते त्यामुळेच अवघड आहे. हे शब्द मराठीत येऊन शतके झाली आणि त्यांनी स्वतंत्र संसार थाटले. 'जकात' हे उत्तम उदाहरण होय. अरबीतील या शब्दाचा अर्थ संपत्तीतून द्यावयाचे विहित दान असा आहे. मराठीत मात्र जकात म्हणजे मालावरील कर. जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, आणि मुंबईत ही वसुली १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत चालू होती. ॲपमध्ये 'जकात मोजा' असे बटण दिसले तर मुसलमान मराठी वाचकाला संदर्भाने अर्थ कळेल. पण शब्दाभोवती नाक्याचा वास राहणारच. 'इमान' मराठीत निष्ठा व प्रामाणिकपणा दाखविते, धर्मश्रद्धा नव्हे. 'नियत' मराठीत बहुधा वाईटच असते, तर नमाजाच्या आरंभी करावयाची नियत हा संकल्प असतो. 'हराम' हा शब्द मराठीत शिवीच्या पूर्वपदात अधिक वावरतो. 'दुवा' तेवढा आशीर्वादाच्या अर्थाने मूळाजवळ राहिला आहे.

दुसरा प्रश्न असा की, कोणाची परिभाषा प्रमाण मानावयाची? भारतातील मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या 'नमाज' व 'रोजा' म्हणत आले. हे फारसी शब्द आहेत. बहुतेक ॲपे अरब देशांत, आग्नेय आशियात किंवा पाश्चात्त्य देशांत घडतात आणि त्यांत 'सलात' व 'सौम' हे अरबी शब्द वापरतात. भाषांतरकार मूळाशी निष्ठा म्हणून तेच शब्द देवनागरीत उतरवितो. परिणामी खेड्यातील वृद्धेला स्वतःच्याच रोजच्या आचाराचे नाव ॲपमध्ये परके वाटते. मूळ म्हणजे अरबी शब्द, हे भाषांतरकाराने गृहीत धरले. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मूळ म्हणजे घरात ऐकलेला शब्द होय. आचाराचा आदर करावयाचा तर आचार करणाऱ्याच्या बोलीचा आदर हा त्याचा पहिला भाग ठरतो.

४

लिप्यंतराचा विषय याहून नाजूक आहे. अरबी वाचता न येणाऱ्यांसाठी अनेक ॲपे कुराणातील सुरा व दुवा देवनागरीत देतात. अरबीतील सीन, साद व से या तिन्ही अक्षरांसाठी देवनागरीत 'स'. जाल, जे, जाद व जो या चौघांसाठी 'ज'. नुक्ता वापरून काही भेद राखता येतात, परंतु मराठीच्या लेखनपरंपरेत नुक्ता नाही आणि मराठी वाचकाच्या डोळ्याला तो अक्षराखालचा डाग वाटतो. हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न समजू नये. अरबीत काफ या अक्षराने 'कल्ब' लिहिला तर अर्थ कुत्रा. काफहून अधिक मागे, पडजिभेशी उच्चारावयाच्या दुसऱ्या अक्षराने लिहिला तर अर्थ हृदय. नुक्त्यावाचून देवनागरीत दोन्ही शब्द एकच. उपासनेच्या पाठात उच्चाराला जे स्थान आहे ते लक्षात घेता, असे लिप्यंतर कोणत्याही सूचनेविना देणे हे अनवधानाचे लक्षण आहे. देवनागरी पाठ हा ऐकण्याला आधार आहे, ऐकण्याचा पर्याय नव्हे, एवढे वाक्य त्याच्या डोक्यावर असावयास हवे.

अरबी लिपीतील पाठही प्रश्नमुक्त नाही. १९२४ साली कैरो येथे निघालेल्या आवृत्तीनंतर अरब देशांत कुराणाच्या लेखनाची एक विशिष्ट पद्धती रूढ झाली. मदिनेच्या छापखान्यातून निघणाऱ्या प्रतीही त्याच परंपरेतील आहेत. भारतीय उपखंडात मात्र मदरशांतून शिकविल्या जाणाऱ्या प्रतींची लेखनपद्धती वेगळी आहे : स्वरचिन्हांची योजना, सुकूनचा आकार, विरामाच्या खुणा यांत भेद आहेत. पाठ तोच असतो, पण लहानपणापासून एका पद्धतीवर डोळा बसलेल्या माणसास दुसऱ्या पद्धतीत अडखळावयास होते. भारतीय वापरासाठी काढलेल्या ॲपने केवळ मदिनेची पद्धती द्यावी, म्हणजे वाचकाच्या साक्षरतेचा अर्धा भाग निरुपयोगी करावा असे आहे.

शोधाच्या सोयीत हाच भेद अदृश्य रीतीने पुन्हा भेटतो. संगणकाच्या युनिकोड संकेतात अरबीचा काफ व उर्दूचा काफ, अरबीचा ये व उर्दूचा ये यांना निरनिराळे संकेतांक आहेत. उर्दू कळफलकावर टंकलेला शब्द अरबी संकेतांकांत साठविलेल्या पाठात शोधला आणि कार्यक्रमात हे संकेतांक समान मानण्याची व्यवस्था नसली, तर उत्तर येते : 'काही आढळले नाही'. शब्द समोर असून तो नाही असे यंत्र सांगते. उपाय अवघड नाही. भिन्न कळफलकांवरून येणाऱ्या वाचकांचे अस्तित्व रचनाकाराच्या ध्यानात असले म्हणजे झाले.

५

सूचनांच्या व्याकरणाचा विचार येथे करणे अवश्य आहे. जे. एल्. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाविचारात हे मान्य झाले आहे की, वाक्य उच्चारणे ही एक कृती असते आणि ती सफल होण्यास बोलणाराचा अधिकार लागतो. अजान ही अशी कृती आहे. मुअज्जिनाने दिलेली हाक व फोनने वाजविलेली ध्वनिफीत यांचे शब्द एकच असले तरी त्यांचा दर्जा एक नाही. म्हणून ध्वनिफीत कोठे वाजावी, अर्धवट तोडली गेली तर काय, सभागृहात अथवा शौचालयात वाजली तर काय, हे रचनाकाराने आधी ठरविले पाहिजे. अँड्रॉइडच्या २०२१ मधील बाराव्या आवृत्तीपासून अचूक वेळेच्या गजरासाठी स्वतंत्र परवानगीची व्यवस्था आली. ती का हवी हे ॲपने समजावून सांगितले नाही, तर वापरणारा नकार देतो आणि पुढे सूचना उशिरा येते. दोष मात्र कोणाचा ते कळत नाही.

'असरची वेळ झाली' हे निवेदन आहे. 'आता नमाज अदा करा' ही आज्ञा आहे. पहिले वाक्य मुवक्किताचे. दुसरे म्हणण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना असेल, इमामाला असेल, एका व्यापारी कंपनीला तो कोणी दिला? आणि याहून पुढचे वाक्य म्हणजे 'तुमची नमाज चुकली'. अनेक ॲपांत रोजच्या नमाजांची नोंद ठेवून सलग दिवसांची साखळी दाखविण्याची पद्धत आहे. ती व्यायामाच्या व भाषाशिक्षणाच्या ॲपांतून उचललेली आहे. साखळी तुटली की 'चुकली' अशी खूण येते. धर्मशास्त्रात मात्र एकाच 'चुकली'चे अनेक प्रकार आहेत. वेळेत न झालेली नमाज नंतर भरून काढावयाची, ती कजा. प्रवासात काही नमाज आखूड होतात, ती कसर. मासिक पाळीच्या काळात स्त्रीला नमाज माफ असते आणि ती भरूनही काढावयाची नसते. त्या दिवसांचे रोजे मात्र पुढे भरून काढावयाचे असतात. शास्त्राने जेथे चार शब्द घडविले तेथे यंत्राजवळ एकच शब्द आहे, आणि तो दोषारोपाचा आहे. आचारात जराही न चुकलेली स्त्री दर महिन्यास पडद्यावर अपराधी ठरते. अलीकडे काही ॲपांत या दिवसांची नोंद थांबविण्याची सोय झाली आहे. ती स्वागतार्ह आहे. परंतु तिची उत्तम रचना म्हणजे कारण न विचारता मिळणारी सूट होय. कारण विचारले की खासगी आयुष्याची आणखी एक नोंद निर्माण होते.

६

नोंदींच्या या विचारातून सर्वांत गंभीर प्रश्न पुढे येतो. वेळ व दिशा काढण्यासाठी ॲपला माणसाचे स्थान कळावे लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी वृत्तप्रकाशनाने असे उघड केले की, अत्यंत लोकप्रिय असलेल्या 'मुस्लिम प्रो' या ॲपमधून स्थानविषयक माहिती 'एक्स-मोड' या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी सैन्याचे कंत्राटदार होते. सैन्यास आपण थेट माहिती विकल्याचा आरोप ॲपच्या चालकांनी नाकारला आणि एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड व तिची उत्तराधिकारी कंपनी यांना संवेदनशील स्थळांची माहिती विकण्यास मनाई करणारा आदेश मांडला.

या प्रकरणात ॲपच्या गणितात, लिपीत किंवा शब्दांत काही दोष नव्हता असे क्षणभर मानले तरी चालेल. किब्ला अचूक दाखविणारे साधनच माणूस कोठे उभा आहे हे तिसऱ्याला सांगत होते. मुवक्किताला जमात कोठे राहते हे ठाऊक असे. पण ते विकण्याचा विचार त्याच्या पदाच्या कल्पनेतच बसत नव्हता. वस्तुतः नमाजाची वेळ काढण्यास शहराचे नाव पुरते; गणित फोनमध्येच होऊ शकते; स्थान बाहेर पाठविण्याची गरज नाही. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीत धर्मश्रद्धा दर्शविणारी माहिती विशेष संरक्षणाच्या वर्गात मोडते. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्ग नाही. त्यामुळे येथे रचनाकाराच्या विवेकावर अधिक भार येतो.

जाहिरातींचा प्रश्न याच्याच पोटातला आहे. विनामूल्य ॲपांना उत्पन्न जाहिरातींचे. आणि जाहिरात निवडणारे यंत्र ॲपकर्त्याच्या हाती नसते. दोन आयतींच्या मध्ये व्याजी कर्जाची किंवा जुगाराची जाहिरात यावी, हा अपघात नसून त्या व्यवस्थेचा स्वाभाविक परिणाम आहे. पाठाच्या पानावर जाहिरात नसणे ही सवलत नव्हे, तर किमान मर्यादा समजली पाहिजे.

७

अभ्यासकांनी हा विषय अगदीच दुर्लक्षिला असे नाही. जेनेव्हीव्ह बेल यांनी २००६ साली, धर्माचारासाठी होणारा तंत्रसाधनांचा वापर गंभीर अभ्यासाचा विषय आहे अशी मांडणी केली. २००८ साली सुझन वायच व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 'सन डायल' या प्रायोगिक ॲपविषयी लिहिले. त्यात आकाशातून सरकणाऱ्या सूर्याचे चित्र वेळ सांगण्यासाठी योजले होते. हिरवा रंग, चंद्रकोर व मिनार एवढ्यावर ज्यांची इस्लामविषयक कल्पना संपते, त्या नेहमीच्या सजावटीच्या तुलनेत ही कल्पना आचाराच्या अधिक जवळ जाते, कारण नमाजाची वेळ मुळात घड्याळाची नसून सूर्याची आहे.

तथापि केवळ चांगल्या चित्राने उत्तरदायित्वाचा प्रश्न सुटत नाही. त्या दिशेने फ्रान्समध्ये सुरू झालेल्या 'मवाकित' या व्यवस्थेचा मार्ग अधिक आशादायक वाटतो. तेथे वेळापत्रक मशिदीने स्वतः भरावयाचे असते आणि वापरणारा आपली मशीद निवडतो. अंशांची यादी त्याच्यापुढे येत नाही. ज्यांना विचारता येईल अशी माणसे त्याच्यापुढे येतात. हिजरी तिथीलाही हाच न्याय लागू पडतो. सौदी कोष्टकाप्रमाणे ॲप ईद दाखविते आणि भारतात चंद्रदर्शन बहुधा दुसऱ्या दिवशी होते, तेव्हा तिथी कोणत्या आधाराने दिली हे ॲपने सांगितले आणि स्थानिक हिलाल समितीच्या निर्णयाला जागा ठेवली, तर घरातला वाद निदान ॲपमुळे तरी होणार नाही. मशिदीत न जाणारे, विशेषतः अनेक स्त्रिया, या व्यवस्थेत कोठे बसतात हा प्रश्न मात्र उरतो. आणि लहान गावांतील मशिदींजवळ वेळापत्रक भरण्याइतके मनुष्यबळ असेलच असेही नाही.

एकंदर विवेचनावरून असे म्हणता येईल की, आदर हा ॲपच्या बाह्य रूपात नसून चार गोष्टींत असतो : दिलेल्या प्रत्येक वेळेचा व तिथीचा आधार सांगणे, वापरणाऱ्याच्या घरातील शब्द व लिपी यांना प्रमाण मानणे, शास्त्राने केलेले भेद यंत्राच्या सोयीसाठी पुसून न टाकणे, आणि कामापुरती माहिती घेऊन ती बाहेर न नेणे. यांपैकी दुसऱ्या गोष्टीसाठी मराठीत पूर्वतयारी जवळजवळ नाही. कोकणातील, मराठवाड्यातील व विदर्भातील मराठी बोलणारे मुसलमान आपल्या आचारासाठी कोणते शब्द वापरतात, ते कसे उच्चारतात आणि देवनागरीत कसे लिहितात, यांचा बोलीनिहाय संग्रह झाला पाहिजे. हे काम यंत्रज्ञांचे नव्हे, भाषाविभागांचे आहे. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याच्या आवाक्यातील आहे. तो संग्रह हाती असेल तर पुढच्या ॲपमध्ये जकात मोजण्याच्या बटणावर कोणता शब्द असावा, हे दूरच्या शहरात बसलेल्या भाषांतरकाराला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.